रक्ततपासणीच्या खिडकीवरचा राग

संपादक महोदय,

रुग्णालयांतील वादावादीची चर्चा निघाली की डॉक्टर आणि परिचारिका आठवतात. रक्तसंकलन कक्षात रोज उफाळणाऱ्या रागाची दखल सहसा कोणी घेत नाही. चिडलेल्या किंवा घाबरलेल्या रुग्णाला शांत करणे तपासणी अचूक येण्यासाठीच आवश्यक असते, आणि तरीही प्रशिक्षणात हा विषय सौजन्याच्या सदरात टाकून दिला जातो, हे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून मला खटकते.

दंडाला पट्टा बांधलेला असताना अस्वस्थ रुग्ण मूठ वारंवार आवळू लागला, तर स्नायूंतील पोटॅशियम रक्तात उतरून ते प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. कॉर्टिसॉल आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरके सुईच्या धास्तीनेही वाढू शकतात, तर जोरजोरात रडणाऱ्या बाळाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या तात्पुरती चढते. अशा वेळी रुग्णाला थोडा वेळ बसू देऊन मग नमुना घेणे, हीच कामाची योग्य पद्धत होय.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्यांदा रक्त मागताना. नमुन्यातील लाल पेशी फुटल्या, तर त्यांतील पोटॅशियम बाहेर पडून निष्कर्ष चुकतो. रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेल्या नळीत गुठळी झाली, तर तिच्यात अडकलेल्या प्लेटलेट मोजल्याच जात नाहीत. हे सांगायला एक मिनिटही लागत नाही. तरी पुष्कळदा ‘पुन्हा रक्त द्यावे लागेल’ एवढ्यावरच रुग्णाची बोळवण होते आणि आपला नमुना यांनी हरवला, असा त्याचा समज होतो. त्यात त्याची काय चूक? त्यावर ‘आधी शांत व्हा’ असे सुनावणे म्हणजे आगीत तेल ओतणे. उशिराचेही तसेच आहे. साध्या नळीतील रक्त गोठायलाच सुमारे ३० मिनिटे लागतात, आणि रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तात जिवाणू आहेत का, हे ते वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काही वाढले नाही असे ठरवण्यासाठी साधारण ५ दिवस थांबावे लागते; जिवाणू कोणाच्या वशिल्याने लवकर वाढत नाहीत. हे नमुना घेतानाच सांगितले, तर खिडकीवरचे बरेच वाद टळतील.

‘काय निघाले ते तुम्हीच सांगा’ ही विनवणी मात्र नाजूक असते. निदान सांगणे आमच्या अधिकारात नाही. पण ते तुटकपणे नाकारले, तर रुग्ण हमखास वाईटाची शंका घेतो. म्हणून अहवाल कसाही असो, तो कोण समजावून सांगेल आणि कधी, हे प्रत्येकाला एकाच स्वरात सांगावे.

अर्थात, शिवीगाळ किंवा अंगावर धावून येणे सहन करणे हा आमच्या कामाचा भाग नव्हे. अशा वेळी सुई बाजूला ठेवून वरिष्ठांना बोलावण्याची मुभा तंत्रज्ञाला असली पाहिजे, आणि दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही, तर काम सहकाऱ्याकडे सोपवण्यात कमीपणा मानला जाऊ नये.

परंतु समोर लांबलचक रांग आणि टेबलाशी एकटा तंत्रज्ञ, अशा स्थितीत कारणे समजावून सांगायला सवड कोठून मिळणार? व्यवस्थापनांनी गर्दीच्या वेळी संकलन कक्षात दुसरी व्यक्ती नेमावी, प्रत्येक तपासणीला लागणारा वेळ फलकावर लिहावा, आणि तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात शीर शोधण्याच्या सरावाबरोबर संतापलेल्या रुग्णाशी बोलण्याचे प्रात्यक्षिकही असावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ