आग्या मोहोळावर फवारा मारण्यापूर्वी

माननीय संपादक,

उंच इमारतीच्या छज्जाखालील आग्या मोहोळ उठून रहिवाशांना डंख झाल्याच्या बातम्या मुंबईत अधूनमधून येतात; मात्र मोहोळ उठण्यापूर्वी त्याला कोणी काय केले होते, हे त्यात क्वचितच वाचायला मिळते. आमच्या सोसायटीत टाकीखालच्या पोळ्यावर भर दुपारी कीटकनाशक फवारले गेले आणि खाली खेळणाऱ्या मुलांना त्याचा प्रसाद मिळाला. फवारणाऱ्याला माशीच्या ग्रंथींविषयी जुजबी माहिती असती, तरी हे टळले असते.

मधमाश्यांचा संसार बव्हंशी ग्रंथींच्या स्रावांवर चालतो. राणीच्या जबड्याजवळील ग्रंथींचा स्राव कामकरी माश्यांची अंडाशये वाढू देत नाही. तरुण कामकरी माशीच्या डोक्यातील ज्या ग्रंथी अळ्यांसाठी अन्नरस तयार करतात, त्याच ग्रंथी ती माशी मकरंद आणू लागली की साखरेचे विघटन करणारी विकरे स्रवू लागतात. मेण येते ते पोटाखालच्या ग्रंथींच्या चार जोड्यांतून.

आपला संबंध येतो तो नांगीशी. नांगी हे मुळात अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप असल्यामुळे नर डंख करूच शकत नाहीत. कामकरी माशीच्या नांगीला उलटे दाते असतात. माणसाच्या कातडीत ती रुतली की माशी उडताना विषाची पिशवी, स्नायू आणि चेतापेशींचा पुंजका यांसकट तुटून मागे राहते आणि माशी मेल्यानंतरही विष आत ढकलत राहते. याच नांगीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून धोक्याचा इशारा देणारा गंध बाहेर पडतो. त्यातील आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हे प्रमुख रसायन 1962 मध्ये ओळखले गेले. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो (केळ्याच्या कृत्रिम स्वादातही तेच वापरतात). आग्या माशीत त्याच्या जोडीला सावकाश उडणारे आणखी एक रसायन असल्यामुळे तिचा इशारा अधिक वेळ टिकतो. म्हणजे पहिल्या डंखाची जागा ही पुढच्या माश्यांसाठी खूण ठरते, आणि हात झाडून माशी चिरडणारा माणूस ती खूण स्वतःच्याच अंगावर लावून घेतो. मध काढणारे धूर करतात त्यामागचे एक कारण हेच, की धुरामुळे माश्यांना हा गंध नीट कळत नाही. दिवसाढवळ्या फवारा मारून पोळे विस्कटले, तर इशारा मात्र शेकडो माश्यांकडून एकदम सुटतो.

आग्या माश्या हंगामी स्थलांतर करतात. फुलोरा ओसरला की बहुतेक वेळा पोळे आपोआप रिकामे होते. तोवर ती गॅलरी किंवा गच्ची बंद ठेवणे हाच शहाणपणा, आणि पोळे हलवणे अगदीच भाग पडले, तर ते काम पेस्ट कंट्रोलवाल्याऐवजी मधपाळाकडे सोपवावे.

आपल्या वृत्तपत्रास विनंती, की अशा बातमीसोबत एक छोटी चौकट द्यावी: माश्यांना झटकू नये, तोंड झाकून ताबडतोब बंद खोलीत जावे, रुतलेली नांगी नखाने खरवडावी की चिमटीने उपटावी या वादात न पडता ती त्वरित काढावी, जागा साबणाने धुवावी, आणि श्वास लागल्यास, चेहरा सुजल्यास किंवा बरेच डंख झाल्यास थेट रुग्णालय गाठावे.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई