आधी निरोप, मग स्वारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई अर्ध्यातच रडायला लागली असती आणि बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणाले असते. म्हणून पत्र. बाबांनी आईला वाचून दाखवावं. जिथे मी "मनात" असं लिहिलंय तेवढी ओळ मोठ्यानं वाचू नये.

तिकीट काढून झालंय, व्हिसा आलाय, रजाही मंजूर आहे. ५ सप्टेंबरला निघतेय आणि ३०ला परत. चीनला. बीजिंग-शांघायला नाही, पार पश्चिमेच्या टोकाला, शिनजियांग प्रांतात. शीआनपर्यंत विमान, पुढे सगळं जमिनीवरून: दुनहुआंग, तुर्फान, कुचा, काश्गर, ताश्कुरगान, खोतान. मधे वाळवंट, शेवटी पामीरचे डोंगर.

म्हणजे या वर्षी महालक्ष्म्यांना मी नाही. हे वाक्य चार दिवस लिहिता येत नव्हतं. आई, सोळा भाज्या निवडायला माझ्याशिवाय कोण बसणार, हे तू म्हणण्याआधीच मी स्वतःला म्हणून घेतलंय. दादा-वहिनी आदल्या दिवशी पोचताहेत, दादाशी बोलले. पुरण वाटायला मिक्सर वापरलास तर ज्येष्ठा-कनिष्ठा रागावणार नाहीत. पाट्याचा हट्ट केलास तर तुझा गुडघा मात्र रागावेल.

तारखा मागे-पुढे करता येतात का ते पाहिलं. खरंच पाहिलं. जून-जुलैत तुर्फानला पारा चाळिशीच्या वर असतो. १ ऑक्टोबरपासून त्यांची राष्ट्रीय सुट्टी लागते आणि अर्धा देश रेल्वेत असतो. त्यानंतर डोंगरात थंडी सुरू होते. माझ्याबरोबर येणारीला (तीच, नाशिकची, जिला आई "तुझी ती उंच मैत्रीण" म्हणते) सप्टेंबरशिवाय सुट्टी नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी माझ्याच कानाला सबबींसारखी वाटताहेत.

बाबा, मुळात हा किडा तुमचा. अजिंठ्याला पाहुणे घेऊन जायची आपल्या घराची जी सक्तमजुरी होती, त्यात तुम्ही दर वेळी सोळाव्या लेण्याच्या दारातल्या दोन दगडी हत्तींपाशी थांबायचात. ह्युएन त्संगाची गोष्ट सुरू व्हायची. सातव्या शतकात तो चीनमधून आला, महाराष्ट्रात फिरला आणि त्यानं लिहून ठेवलं, की पूर्वेच्या डोंगरात एक विहार आहे, दारात दगडाचे हत्ती आहेत, ते कधी कधी चीत्कार करतात आणि धरणी हादरते. मी सहा वर्षांची होते. हत्तीच्या पायाला कान लावून बसले होते. आणि मागून तुम्ही तो आवाज काढलात! मी इतक्या जोरात किंचाळले की लेण्यात आरशानं ऊन फेकणारा माणूस आरसा टाकून बाहेर आला. आई आठवडाभर तुमच्याशी बोलली नव्हती. मला मात्र पुढे दोन वर्षं तो आवाज हत्तीचाच वाटत होता, आणि खरं सांगू का, अजूनही थोडासा वाटतो.

तुम्हीच सांगायचात की आपल्या लोकांबद्दलही त्यानं लिहिलंय. मानी, उपकार न विसरणारे, अपमान केला तर जिवावर उदार होणारे. आणि सूड घ्यायचा झाला तरी शत्रूला आधी निरोप धाडणारे. हे पत्र म्हणजे तो निरोप समजा.

आता चिंतेचे विषय एकेक करून.

पहिला, लेहचा. तिथे उंचीनं माझं काय झालं ते आईनं अख्ख्या कॉलनीला सांगितलंय, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. पण तेव्हा मी विमानानं थेट ३,५०० मीटरवर उतरले आणि त्याच दिवशी शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढले, शहाणी. या वेळी वाळवंटातून हळूहळू जातेय. काश्गर १,३०० मीटरच्या आसपास, तिथे तीन दिवस. मग ताश्कुरगान, साधारण ३,१००. म्हणजे झोपणार मी लेहच्या खालीच. वाटेत काराकुल सरोवर आहे ३,६००वर, तिथे तासभर थांबून पुढे. समोर मुझताग-आता नावाचा डोंगर, साडेसात हजार मीटरचा, पण तो लांबूनच बघायचा असतो. डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या आहेत. त्याहून वर खुंजेराबची खिंड आहे, ४,७०० मीटरच्या जवळपास. तिकडे जायचं नाही असं मी मैत्रिणीला लेखी दिलंय. खिंडीपलीकडे पाकव्याप्त काश्मीर, ते बाबांना सांगायला नको.

सीमा, तोच दुसरा विषय. बाबा, तुमच्या मनात १९६२ असणार, आणि गलवानही. मी त्या २१९ नंबरच्या रस्त्यानं जात नाहीये. अक्साई चिनमधून जातो तो रस्ता, मला तिथून सहल म्हणून जायचंच नाही. तिबेटलाही जात नाही. ताश्कुरगानला सीमेजवळचा परवाना लागतो, तो काश्गरची गाडीवाली कंपनी काढून देते. आणि गाडी मी चालवणार नाही. तिथे आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स चालतच नाही, त्यामुळे आईची ती एक काळजी चीन सरकारनंच मिटवली.

तपासण्या फार आहेत, हे लपवत नाही. जागोजागी पासपोर्ट दाखवायचा. पेट्रोल पंपावरसुद्धा ड्रायव्हरनं एकट्यानं आत जायचं, बाकीच्यांनी बाहेर फाटकाशी उतरून थांबायचं. शिनजियांगमध्ये तिथल्या उइगुर मुसलमानांचं जे झालं, छावण्यांत डांबण्याचं, ते तुम्ही पेपरात वाचलंय. जावं की नाही यावर मी महिनाभर घोळ घातला. काश्गरचं जुनं गाव २००९पासून बरंचसं पाडून नव्यानं बांधलंय, तेव्हा जे बघेन त्यातलं किती जुनं आणि किती दाखवायचं, हेही डोळ्यांनी निवडावं लागेल. एक ठरवलंय, तिथल्या माणसांना राजकारणाचे प्रश्न विचारायचे नाहीत. मी दोन दिवसांनी निघून जाईन, उत्तर देणारा तिथेच राहणार.

आई, आता तुझे प्रश्न. खाणं. रोटीला ते नानच म्हणतात आणि तंदुरातच लावतात. समसा नावाचा प्रकार आपल्या समोशाचा भाऊ, पण आत बोकड, म्हणून तो नाही. द्राक्षं, खरबुजं, अक्रोड, डाळिंबं भरपूर. सप्टेंबर म्हणजे फळांचाच हंगाम. तुर्फानला मनुका वाळवायला विटांची जाळीदार घरं असतात, ऊन लागू न देता नुसत्या गरम वाऱ्यावर वाळवतात, त्यामुळे मनुका हिरव्याच राहतात. तुझ्यासाठी एक किलो आणते. भाज्या आणि अंड्याचे नूडल्स सगळीकडे मिळतात. (मी अंडं खाते हे तुला माहीत आहेच, आता बाबांनाही कळलं.) आणि गरम पाणी! त्या देशात गरम पाण्याची चंगळ आहे. रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, माणसं दिवसभर थर्मास भरत असतात. तुला तो देश एवढ्या एका गोष्टीसाठी आवडेल. त्या पाण्यात पोहे भिजवायचे, वर मेतकूट. रात्रीच्या गाडीत चार बर्थचा बंद डबा घेतलाय, पांघरूण-उशी मिळते. स्वेटर तोच, तू विणलेला, कोपराला ठिगळ लावलेला. नवा घेऊ नकोस.

फोन. आपलं व्हॉट्सॲप तिथे बंद असतं, पण इथलंच सिम रोमिंगवर असलं की चालतं, तशी सोय केली. वाळवंटात कधी रेंज गेली तर लगेच दादाला फोन करून पोलिसात जायला सांगू नका. आणि बाबा, एक गंमत. सरकारी घड्याळ बीजिंगचं, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पण तिथली माणसं आपसात दोन तास मागचं घड्याळ वापरतात. म्हणजे आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. तुम्ही संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा माझ्याकडेही जेमतेम दिवेलागणच असेल. एवढ्या लांब जाऊन अर्धाच तास!

तुर्फान मात्र बाबांसाठी बघायचंय. पावसाचं नावच नाही, जवळचं ऐदिंग सरोवर समुद्रसपाटीच्या १५४ मीटर खाली, आणि तरी द्राक्षांचे मळे. कारण करेझ. थियानशान डोंगरांच्या बर्फाचं पाणी जमिनीखालून बोगद्यानं आणतात, उतार इतका हलका की पाणी आपसूक चालत येतं, वर उघडं नसल्यानं आटत नाही. ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडं पाडलेली, गाळ काढायला. ओळखीचं वाटलं ना? आपली नहर-ए-अंबरी, मलिक अंबरानं बांधलेली. तुमची पाटबंधाऱ्यातली सगळी नोकरी एकीकडे आणि मलिक अंबरावरचं तुमचं प्रेम एकीकडे. रविवारी पाणचक्कीला नेऊन तुम्ही आम्हाला उतार समजवायचात, दादा भेळेसाठी रडायचा. उताराचे फोटो काढून आणते, मोजमाप नाही जमणार.

तुर्फानजवळच गाओचांगचे अवशेष आहेत. बाबा, ती गोष्ट तुम्ही फार कमी वेळा सांगितलीत. ह्युएन त्संग जाताना तिथे थांबला आणि राजानं त्याला अडवलं, इथेच राहा म्हणाला, जाऊच देईना. तो अन्नपाणी सोडून बसला. चौथ्या दिवशी राजा विरघळला, त्याला भाऊ मानलं, घोडे, कपडे, पुढच्या राजांना पत्रं, सगळं दिलं. फक्त वचन घेतलं, परतताना तीन वर्षं माझ्याकडे राहायचं. मी काही उपाशी बसणार नाही, तुम्ही त्याच्या आतच विरघळता हा अनुभव आहे. (मनात: सोळा वर्षांनी तो परत आला तेव्हा राजा नव्हता, राज्यही नव्हतं. तुम्ही ही गोष्ट का कमी सांगायचात ते मला आता कळतं. मी सोळा वर्षं नाही, सव्वीस दिवस जातेय. तुमच्या बायपासनंतर तीन वर्षं मी हे पुढे ढकललं. अजून ढकलायचं तर कशाची वाट बघत, ते तुमच्या-माझ्यात लिहायची गरज नाही.)

तुम्ही रागावू नये म्हणून गोड बोलतेय असं नाही. तुमचा पहिला पासपोर्ट कोरा संपला हे मला ठाऊक आहे. कपाटात नकाशाच्या वहीत ठेवलाय. तुमच्या वाटचं मी जाऊन येते, असलं नाटकी काही म्हणत नाही. मला स्वतःलाच जायचंय.

आता नीट ऐका. डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा, तीन नाही. साखर सोमवारी आणि गुरुवारी तपासायची आणि आकडा दादाला खरा सांगायचा, "बरी आहे" हा आकडा नसतो. महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची पेटी माळ्यावरून दादा काढेल. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. आईनं खालून "जरा डावीकडे" म्हणायचं नाही. बाबांच्या ताटात पुरणपोळी एक. वरून तूप किती ते आईवर सोपवते, म्हणजे जास्तच पडणार, तर निदान एकच. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिलीय. त्यांच्याशी भांडण असेल तर सव्वीस दिवसांपुरतं मिटवा.

खूपच बॉससारखं लिहिलं का? घरात कुणीतरी असं लिहायला हवं, आणि दादा लिहिणार नाही.

आई, तू रात्री दार दोनदा बघतेस तसं मी इथे रात्री फोन दोनदा बघते, तुमचा मिस्ड कॉल आहे का म्हणून. तिथेही बघेन.

ह्युएन त्संगाला परतताना बरोबर एक हत्ती होता, हर्षानं दिलेला. तो त्या पामीरच्या वाटेवर पाण्यात बुडाला. ताश्कुरगानहून उतरताना ती वाट लागते. बाबा, रेंज असली तर तिथून फोन करीन. मी काही बोलणार नाही. तुम्ही तो आवाज काढायचा. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा आठवडा जाईल.

तुमची,
बेबी

ता. क. आई, येसरचा डबा दादाच्या मित्राबरोबर पाठव, २५ ऑगस्टच्या आत. लोणचं नको, बॅगेत सांडतं. मागच्या वेळचा डाग अजून गेला नाही.