देवीन काळाने नाही पाडला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत डॅन्यूबच्या क्रूझवर लेख आला होता. त्यात स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हाजवळच्या देवीन किल्ल्याच्या वाट्याला दोनच ओळी, आणि त्यात परत ‘काळाच्या ओघात ढासळलेला’! अहो काळाने कसला ढासळतोय, १८०९ साली नेपोलियनच्या सैन्याने सुरुंग लावून उडवलाय तो. तुमच्या फोटोत कड्याच्या टोकावर जो बारकासा बुरूज दिसतोय, कन्या बुरूज म्हणतात त्याला, तो आपला कसाबसा उभा आहे.

मुलगी व्हिएन्नाला असते म्हणून आमचं तिकडे जाणं झालं, ब्रातिस्लाव्हातून साध्या सिटी बसने गेलो. उंची समुद्रसपाटीपासून फक्त २१२ मीटर, आमच्या ह्यांनी तर खालूनच ‘हा किल्ला?’ म्हणून नाक मुरडलं, पण वर गेलं की कळतं, खाली मोरावा नदी येऊन डॅन्यूबला मिळते, पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा, म्हणजे येणारी जाणारी प्रत्येक होडी वरून दिसणारच. म्हणून तर आधी रोमन, मग मोराव्हिया या जुन्या स्लाव्ह राज्याचे राजे, मग हंगेरी, सगळ्यांना ही टेकडी हवी होती. ८६४ साली जर्मन राजा लुडविगने मोराव्हियाच्या रास्तिस्लाव राजाला जिथे वेढा घातला ती ‘डोविना’ म्हणजे हाच किल्ला, असं तिथे मानतात. हंगेरीच्या काळात तर हा पश्चिम सीमेवरचा पहारेकरीच.

आणि सुरुंगाने भिंती पडल्या तरी सीमा काही सुटली नाही बघा. १९३८ मध्ये हिटलरने देवीन गावासकट जर्मनीत घेतलं, १९४५ ला चेकोस्लोव्हाकियाला परत मिळालं, की मग कम्युनिस्टांचं काटेरी कुंपण! पोहून पलीकडे जाऊ बघणाऱ्यांवर गोळ्या झाडायचे. सीमेवर मेलेल्या लोकांचं स्मारक आहे खाली नदीकाठी, दाराच्या आकाराचं. मला किल्ल्यापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलंय. यातलं एक अक्षर लेखात नाही, क्रूझवरच्या जेवणाला मात्र अख्खा पॅरेग्राफ.

आपल्याकडेही हेच चालतं. इंग्रजांनी १८१८ मध्ये सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या पायऱ्या मुद्दाम सुरुंगाने उडवल्या आणि आपण लिहितो ‘कालौघात पडझड’. कोणी बांधला ते लिहिता ना, मग कोणी पाडला तेही लिहा की.

तेव्हा छोटीशी का होईना दुरुस्ती छापाच. आमच्या ह्यांना कात्रण दाखवायचंय, ते अजून म्हणतात पावसाने पडला असेल.

— एक नियमित वाचक, डोंबिवली