रिकाम्या हातांनी पहिली फेरी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा विषय निघाला आणि मी हॉटेलातल्या बुफेचे नाव काढताच बाबा म्हणाले, "दोन घास खाणाऱ्यांनी तिथे जाऊन कसले पैसे वसूल करायचे?" आईची अडचण वेगळी होती. हातात प्लेट घेऊन, लोकांचे धक्के खात उभ्याने जेवणे या वयात जमणार नाही, असे तिचे म्हणणे. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र.

आईची शंका चटकन मिटण्यासारखी आहे. हॉटेलात आपले टेबल राखून ठेवलेले असते आणि जेवायचे बसूनच. उठायचे ते फक्त पदार्थ आणण्यापुरते. पाणी आणि कॉफी जागेवर येते, उष्टी प्लेट वेटर उचलून नेतो आणि पुढच्या फेरीला आपण कोरी प्लेट घेतो. तीच प्लेट पुन्हा नेली आणि वाढायचा चमचा तिला लागला, तर आपले उष्टे सगळ्यांच्या अन्नात जाते, हे आईला मी सांगायला नको.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्वीडनमध्ये सापडते. तिथल्या 'स्मॉर्गसबोर्ड' या जेवणात सगळे पदार्थ एका मोठ्या टेबलावर मांडलेले असतात, पण खाण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी हेरिंग मासा, मग इतर मासे, मग थंड मांसाचे प्रकार, त्यानंतर गरम पदार्थ आणि शेवटी गोड, आणि दर टप्प्याला नवी प्लेट. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हा प्रकार मांडला गेला आणि अमेरिकेत त्याची ओळख वाढली. पुढे १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलने त्याच धर्तीवर बुफे सुरू करून त्याला 'व्हायकिंग' (स्वीडनकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांचे नाव) हे नाव दिले; जपानी माणूस आजही बुफेला 'बायकिंगु' म्हणतो. (बाबा, शब्दांच्या अशा गमतीजमती तुम्हांला आवडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.) सांगायचे ते एवढेच, की ही पद्धत मुळात थोडे थोडे खाणाऱ्यांसाठीच सोयीची आहे. दोन घास खाणाऱ्याला ते दोन घास दहा देशांमधून निवडता येतात, तर चार जणांचे जेवण एका प्लेटमध्ये रचणाऱ्याला चव कशाचीच लागत नाही.

हे मी अनुभवाने सांगते आहे. ऑफिसच्या परिषदेत पहिल्यांदा असे जेवण झाले, तेव्हा मी दारातच प्लेट उचलली आणि समोर येईल ते घेत गेले. टेबलाशी पोहोचेपर्यंत सुशीचा (आंबटसर भाताच्या जपानी घासांचा) सोया सॉस पास्त्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये शिरला होता आणि हमसला, म्हणजे काबुली चण्याच्या चटणीला, थाई करीचा वास येत होता. त्यावर कडी म्हणजे सुशीशेजारचा हिरवा गोळा मी अवोकाडो समजून चमचाभर तोंडात टाकला. तो वासाबी होता, म्हणजे जपानी झणझणीत चटणी. जीभ भाजली नाही. पण नाकातून थेट टाळूपर्यंत अशी काही कळ गेली की डोळ्यांतून पाण्याची धार लागली. काउंटरमागच्या शेफने एक अक्षर न बोलता गुलाबी आल्याच्या कापांची वाटी माझ्याकडे सरकवली. तेव्हापासून पहिली फेरी मी रिकाम्या हातांनी मारते. काय काय आहे ते पाहते, पाट्या वाचते आणि मगच प्लेट घेते.

पाटीवर सगळे लिहिलेले नसते, ही गोष्ट आईने विशेष लक्षात ठेवावी. त्याच परिषदेत माझी एक शाकाहारी सहकारी मिसो सूप निर्धास्तपणे प्यायली आणि ते सुकवलेल्या माशांच्या पाण्यात केले होते, हे तिला नंतर समजले. थाई करीत भाज्याच दिसत असल्या तरी बहुधा फिश सॉस असतो, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा असू शकतो, पन्ना कोट्टा हा सायीचा गोड पदार्थ प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनने घट्ट होतो आणि अस्सल पार्मेझान चीजसाठी दूध साकळवायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. म्हणून आई, पदार्थाचे नाव न विचारता तो कशात केला आहे, हे शेफला विचारायचे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. हमस, फलाफल (चण्याचे वडे) आणि तबुले (पार्सलीची कोशिंबीर) तुला बिनघोर चालतील. पास्ता तर लाइव्ह काउंटरवर तुझ्यासमोरच करून देतात, तेव्हा चीज आणि मिरी घालू नका, असे सांगता येते.

बाबा, तुम्हांला मासे कितीही प्रिय असले तरी कच्च्या माशांची सुशी तुम्ही टाळावी, कारण उतारवयात अशा अन्नाची बाधा अधिक त्रासदायक ठरते. काकडीची किंवा शिजवलेल्या कोळंबीची सुशी अवश्य घ्या. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झाकणाच्या भांड्याखाली गरम पाणी आणि त्याखाली ज्योत असते ती यासाठीच. झाकण उघडल्यावर वाफ आली नाही, तर तो पदार्थ सोडून द्यावा. गोडाच्या टेबलाबद्दल मी काही बोलणार नाही. तिरामिसूचा एक चमचा तुमच्या साखरेच्या हिशेबात बसतो का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

टेबल मी जेवण सुरू होण्याच्या वेळेचेच सांगितले आहे, कारण तेव्हा भांडी नुकतीच भरलेली असतात आणि गर्दीही नसते. जागा काउंटरजवळची मागितली आहे, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना फेऱ्या जड जाणार नाहीत. होकार शनिवारपर्यंत कळवा. आणि आई, उरलेले बांधून आणायला पर्समध्ये डबा ठेवायचा तुझा विचार मला फोनवरच कळला होता; बुफेतले अन्न बाहेर नेऊ देत नाहीत, तेव्हा डबा घरीच राहू दे.

तुमची,
लाडकी लेक