बाबा, उंची सकाळी मोजायची होती

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने हसत हसत सांगितलं की तपासणीत बाबांची उंची दीड सेंटिमीटरने कमी भरली, आणि मागून बाबांचा आवाज आला, "त्यांची पट्टीच खोटी आहे." मग गोळ्या, झोप, गुडघे. तेवढ्यात तुमच्या नातीने फोन हिसकावला आणि मला सांगायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर आपलं नेहमी असंच होतं, म्हणून पत्र.

तर ऐका. एक प्राणी असा आहे की जो म्हातारा न होताच आखूड होतो आणि नंतर पुन्हा लांब होतो. नातीला सध्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं वेड आहे. रोज रात्री झोपताना तिला एक तरी अजस्र, खवलेवाला, दातवाला प्राणी लागतो. तिच्यासाठी वाचता वाचता मलाच नाद लागला, आणि त्यातच हा सापडला: गॅलापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना. काळाकुट्ट, पाठीवर काट्यांची करवत, मोठा नर शेपटीसकट मीटरभराहून लांब. समुद्रात बुड्या मारून पोट भरणारा हा जगातला एकमेव सरडा. खडकावरचं शेवाळ खरवडून खातो आणि पोटात गेलेलं जादा मीठ नाकातून शिंकून टाकतो. ते त्याच्याच डोक्यावर पडून वाळतं, त्यामुळे स्वारी कायम पांढरी टोपी घालून बसलेली दिसते. १८३५ मध्ये डार्विन तिथे गेला होता. त्याने एकाला शेपटीला धरून पुन्हा पुन्हा पाण्यात फेकलं आणि तो प्रत्येक वेळी सरळ पोहत डार्विन उभा होता तिथेच परत आला. (ही गोष्ट ऐकून नातीचा डार्विनवर राग आहे, तो अजून गेलेला नाही.)

या सरड्याचं सगळं थंड पाण्यावर अवलंबून, कारण त्याला पचणारं शेवाळ थंड पाण्यातच वाढतं. आणि काही वर्षांच्या अंतराने एल निनो येतो. पॅसिफिकच्या त्या भागातलं पाणी तापतं. पेरूच्या कोळ्यांनी हे नाव ठेवलं, कारण तो नाताळच्या सुमाराला यायचा. एल निनो म्हणजे बाळ, म्हणजे बाळ येशू. नाव गोड असलं तरी इग्वानांच्या पोटावर पाय येतो. नेहमीचं शेवाळ मरतं, त्याच्या जागी न पचणारं तपकिरी शेवाळ माजतं आणि काही बेटांवर इग्वाना पटापट मरतात.

जे जगतात ते आखूड होतात. बारीक नव्हे हं, आखूड. संशोधक तिथे तब्बल १८ वर्षं त्याच त्या प्राण्यांना पकडून मोजत होते. बाबांसारखाच कुणालाही आधी पट्टीचा संशय येईल, पण आकडे पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. दोन वर्षांत काहींची लांबी २० टक्क्यांपर्यंत घटली, जास्तीत जास्त ६.८ सेंटिमीटर. २००० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. नुसत्या कूर्चा आकसल्या म्हणून एवढा फरक पडणार नाही, तेव्हा हाडंच थोडी विरघळत असावीत, असा त्यांचा अंदाज. जो जास्त आखडला तो जास्त टिकला, कारण लहान शरीराला कमी खाणं पुरतं. आणि पाणी थंड होऊन शेवाळ परतलं की हे सरडे पुन्हा वाढू लागतात. पाठीचा कणा असलेला मोठा झालेला प्राणी असा मागेपुढे होतो, हे वाचून मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले होते.

आता बाबा, तुम्ही पाठवलेल्या त्या मेसेजबद्दल. 'मगर कधीच म्हातारी होत नाही, ती फक्त वाढत राहते.' तुम्ही खाली अंगठाही टेकवलात! थोडं खरं आहे, मगरी बरीच वर्षं हळूहळू वाढत राहतात. पण म्हातारपण त्यांनाही चुकलेलं नाही. मगरीच्या तोंडात एक दात पडला की खालून दुसरा तयारच असतो. आयुष्यात एका जागी पन्नास-पन्नास वेळा दात बदलू शकतो, एकूण हिशेब दोन-तीन हजारांवर जातो. पण अगदी म्हाताऱ्या मगरींचे नवे दात येणं मंदावतं आणि मग थांबतंही. यापुढचं मी तुमच्या कवळीकडे बघून बोलत नाही.

कासवांचं मात्र काही सांगता येत नाही बाई. अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर जोनाथन नावाचं राक्षसी कासव १८८२ मध्ये आणलं, तेव्हाच ते पुरतं वाढलेलं होतं. त्या हिशेबाने त्याचा जन्म १८३२ च्या आसपासचा धरतात. म्हणजे डार्विनने इग्वाना पाण्यात फेकला तेव्हा हे पिल्लू होतं. पुढे त्याला मोतीबिंदू झाला, वास येईना, म्हणून हाताने भरवायला लागले.

त्याच मेसेजमधलं नक्राश्रूंचं मात्र खरं निघालं, आईला सांगा. आपण ढोंगी रडण्याला नक्राश्रू म्हणतो. फ्लोरिडातल्या एका प्राणिसंग्रहालयात ॲलिगेटर आणि केमन या मगरीच्या भाऊबंदांपैकी सात प्राण्यांना कोरड्या जागी खायला घालून पाहिलं, तर त्यातल्या पाचांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही. खाताना ते जोरात फुसफुसतात, त्याने हवा डोळ्यांतलं पाणी बाहेर ढकलत असावी. आणि 'मगर मागे लागली तर नागमोडी पळा' हे साफ विसरा. सरळ पळायचं. मगर जमिनीवर चार पावलांत दमते. तिचा खरा धोका पाण्याच्या काठाशी, आणि तिथे पळायला वेळच मिळत नाही.

आईने मागे विचारलं होतं, थंड रक्ताचे म्हणजे यांचं रक्त गार लागतं का? नाही गं. उन्हात पडलेल्या मगरीचं रक्त तुझ्यामाझ्याइतकंच गरम असू शकतं. फरक एवढाच की आपण अन्न जाळून आतून ऊब करतो आणि हे ती बाहेरून घेतात. म्हणून एवढी मोठी मगर महिनोन् महिने न खाता काढू शकते. आणि म्हणूनच हवा फिरली की यांचं सगळंच फिरतं.

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातली एक दलदल गोठली. वर बर्फाचा जाड पापुद्रा, आणि त्यातून जागोजागी नुसती नाकाडं वर आलेली, दात दिसताहेत, हालचाल शून्य. त्या ॲलिगेटरांनी पाणी गोठायच्या बेताला नाक वर काढून धरलं होतं आणि बर्फ नाकाभोवती घट्ट बसला होता. खाली शरीर पाण्यात लोंबतंय, हृदय अगदी सावकाश चाललंय. बर्फ वितळल्यावर ते हलले, पोहू लागले. इतक्या आधी त्यांना कसं कळतं, याचं मला अजून नवल वाटतं. फ्लोरिडातल्या इग्वानांना एवढी अक्कल नाही. पारा चार-पाच अंशांकडे गेला की झाडावर झोपलेले इग्वाना आखडतात, पकड सुटते आणि धप्पकन खाली. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्याने रीतसर इशारा दिला होता: आज रात्री झाडांवरून इग्वाना पडले तर आश्चर्य मानू नका. तासाभराच्या उन्हात ते पुन्हा जिवंत झाल्यासारखे उठतात. मेलेला समजून कुणी गाडीत घातलाच तर त्याची काय धांदल उडेल, याची कल्पना करून आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आई, तुला पालीची भीती वाटते, पण हे वाच. मगरीची मुलगी होणार की मुलगा, हे अंड्यात ठरलेलं नसतं, घरट्याच्या उबेवर ठरतं. अमेरिकी ॲलिगेटरची मादी पालापाचोळ्याचा ढीग करून त्यात अंडी घालते. तो कुजताना तापतो, तुझ्या कंपोस्टसारखाच. ऊब ३० अंशांच्या आसपास राहिली तर जवळजवळ सगळ्या मुली, ३३ च्या आसपास असेल तर बहुतेक मुलगे. समुद्री कासवांचं उलटं: वाळू तापली की मुली. त्याचा परिणाम आता दिसायला लागलाय. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात वयात न आलेल्या कासवांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. पुढे यांचं लग्न कसं जमायचं, असं तू म्हणशील. तीच खरी काळजी आहे.

आणि मगरीची माया. अंड्यातून बाहेर यायच्या आधीच पिल्लं आतून हाका मारतात, मग आई माती उकरते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून पाण्यात नेऊन सोडते. खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा चावा २०१२ च्या अभ्यासात १६,००० न्यूटनच्या वर भरला होता, म्हणजे दीड टनाहून जास्त भार. त्याच जातकुळीच्या जबड्यात बोटभर पिल्लू, आणि ओरखडाही नाही. सुसरीला मात्र हे जमत नाही, तिचा जबडा चिमट्यासारखा निमुळता. तिथे बाप पुढे येतो. चंबळ नदीत नर सुसर पाण्यात तरंगत असतो आणि त्याच्या पाठीवर, डोक्यावर पिल्लंच पिल्लं, कधी कधी शंभरावर, वेगवेगळ्या आयांची. नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा असतो, त्यावरून हिंदीत घडियाल. बाबा, आम्ही दोघं भावंडं एकदम पाठीवर चढलो की तुमची कंबर धरायची!

एक गोष्ट मुद्दाम शेवटाकडे ठेवली आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची लाट केनियापर्यंत गेली होती. तिथे पुरात कळपापासून तुटलेलं पाणघोड्याचं पिल्लू किनाऱ्याजवळच्या खडकांत अडकलं. कोळ्यांनी आणि गावकऱ्यांनी ते मोठ्या मुश्किलीने बाहेर काढलं आणि मोंबासाजवळच्या एका प्राणी उद्यानात आणून सोडलं. ते घाबरलेलं पिल्लू धावत जाऊन एका राक्षसी कासवामागे लपलं. कासव नर, वय १३० च्या घरात, नाव म्झे. स्वाहिलीत म्झे म्हणजे वडीलधारा. म्झे आधी फुसफुसला, लांब सरकला, पण पिल्लू काही पाठ सोडेना. काही दिवसांनी दोघं बरोबर खायला, बरोबर चिखलात झोपायला लागले. कासवाला काय वाटत होतं हे मी सांगू शकत नाही. कदाचित नुसता कंटाळून गप्प बसला असेल. नातीला हे पटत नाही. ती म्हणते, आजोबापण आधी असंच करतात.

बाबांसाठी एक राहिलंच. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५ मध्ये काही मणके सापडले. बरीच वर्षं ते मगरीचे समजून ठेवून दिले होते. नीट पाहिल्यावर निघाला साप! २७ मणके, ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे; रुडकीच्या आयआयटीतल्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये त्याला नाव दिलं वासुकी इंडिकस. अंदाजे लांबी ११ ते १५ मीटर. कोलंबियाच्या कोळसा खाणीतला टायटनोबोआ याहून जुना, साधारण १३ मीटरचा, वजन टनाच्या वर. यातली गंमत अशी की बाहेरच्या उबेवर जगणारा साप एवढा मोठा व्हायचा तर हवा किती गरम हवी, असा उलटा हिशेब मांडून त्या वेळचं सरासरी तापमान काढलं: ३० ते ३४ अंश. मणक्यावरून हवामान! काही शास्त्रज्ञांना हा हिशेब मान्य नाही, तुम्हालाही नसेल.

तर मणक्यांवरून आठवलं. बाबा, त्यांची पट्टी खोटी नव्हती, वेळ चुकली. दिवसभर उभं राहून-बसून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यांतलं पाणी थोडं बाहेर जातं, आणि संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर तरी आखूड होतो. रात्री झोपलं की भरून निघतं. अंतराळात तर दबायलाच काही नसल्यामुळे अंतराळवीर तीन टक्क्यांपर्यंत उंच होतात. तुमची तपासणी संध्याकाळी साडेपाचची होती, आईने सांगितलं. उरलेलं अर्धा सेंटिमीटर वयाचं, त्याला माझा इलाज नाही. पण उद्या उठल्या उठल्या, चहाच्या आधी, भिंतीला टेकून उभे राहा. टाचा उचलायच्या नाहीत. आई, पट्टी तू धर आणि आकडा मला कळव, त्यांना विचारू नकोस.

तुमची,
धाकटी

ता. क. : नात विचारतेय, मगरीला एका जागी पन्नास दात, तर आजोबांचे आत्ता बसवलेले कितवे?