लिचच घे, व्हॅम्पायर नको

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंद्या,

बंगळुरात डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला ग्रुप जमला आणि पहिल्याच फटक्यात तुझ्या गळ्यात डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची माळ पडली, बरं झालं! शेवटचा खलनायक व्हॅम्पायर ठेवू की लिच, म्हणजे मरणाला चकवून राहिलेला जादूगार, असं विचारलंयस. डोळे झाकून लिच घे.

व्हॅम्पायरचं दुखणं मुळात प्रेमाचं. १९८३ च्या 'रेव्हनलॉफ्ट' या साहसातला स्ट्राडच बघ ना. भावाच्या होणाऱ्या बायकोवर जीव जडला, लग्नाच्याच दिवशी भावाला मारलं, आणि अजून बारोव्हियात बसून तिच्यासाठी झुरतोय. चार सेशन झाली की खेळाडूंना त्याची कीव यायला लागते. डेथ नाइटला, म्हणजे मेलेल्या शापित योद्ध्याला, निदान प्रायश्चित्ताची वाट असते. लिचला मात्र कुणी शाप दिलेला नसतो. अमर व्हायचं म्हणून त्याने स्वतः अभ्यास करून हे ओढवून घेतलेलं असतं. वर फिलॅक्टरीला, म्हणजे जीव लपवलेल्या वस्तूला, अधूनमधून दुसऱ्यांचे आत्मे खाऊ घालावे लागतात, नाहीतर अंग झडून नुसती कवटी उरते. म्हणजे तेच पाप पुन्हा पुन्हा, थंड डोक्याने. किळस येते ना? तीच हवी.

खेळाडूंना फिलॅक्टरी समजावत बसू नकोस. 'राक्षसाचा जीव पोपटात' म्हण, झालं काम.

आता खरी मेख. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात लिचचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो किती अवघड ते, २१, पण हिट पॉइंट, म्हणजे किती मार झेलेल ते, फक्त १३५. मैदानात उभा केलास तर चांगली पार्टी त्याचा दोन-तीन राउंडमध्ये भुगा करेल. अ‍ॅसेरेराक नावाचा लिच आठव. १९७५ साली या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गायगॅक्स, याने ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात 'टूम्ब ऑफ हॉरर्स' हे साहस खेळवलं, त्यात त्याच्यापर्यंत पोचण्याआधी थडग्यातले सापळेच माणसं संपवतात. लिचने असंच दुसऱ्यांच्या जिवावर लढावं.

परवा कोथरूडला आमच्याकडे काय झालं ऐक. ओंक्याचा फायटर सगळ्यांच्या पुढे, सायलीची रिअ‍ॅक्शन (एका राउंडमध्ये एकदाच मिळते) आधीच खर्च झालेली, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र रोखणारं काउंटरस्पेल गेलं. मी भेळ खाता खाता सहज विचारलं, "ओंक्या, हिट पॉइंट किती उरलेत रे?" तो बिचारा म्हणाला, "सत्त्याण्णव." लिचच्या पॉवर वर्ड किल या एका शब्दात मारणाऱ्या मंत्राला समोरच्याचे शंभर किंवा त्याखालीच लागतात. फासा टाकून वाचायचा सेव्हिंग थ्रो नाही, काही नाही. ओंक्याचा चमचा हातातच राहिला.

नंतर त्यांनी लिचला पाडलं म्हणा, आणि ओंक्यालाही उठवलं. मग जो जल्लोष केला, खालच्या काकू वर आल्या. तेवढ्यात मी डीएमच्या आडोशाच्या स्क्रीनमागे दहा बाजूंचा फासा टाकला. तीन आले. तीन दिवसांत फिलॅक्टरीच्या पाच फुटांच्या आत त्याला नवं शरीर मिळणार, आणि हे शहाणे पुढच्या गावात त्याचाच झगा विकायला निघालेत.

गणपतीत येशील तेव्हा एक सेशन तुझ्यासाठी राखून ठेवतो. सायलीशी बोलताना मात्र जीभ आवर, तिला अर्ध्या शब्दावरून कळतं.

तुझा,
निख्या