बाबा, मोजून काय होतं ते सांगते

कॉर्क (आयर्लंड), रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा तुम्ही म्हणालात, "मोजून काय होतं गं? मोजणारे मोजतात, सोडणारे सोडतात. उन्हाळा आला की नदीत मासे मरायचे ते मरतातच." तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं राहून गेलं. तुम्ही वैतागून बोललात हे कळलं, पण आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यात आई शेजारच्या काकूंना सांगते की मी 'पाणी शुद्ध करायच्या खात्यात' आहे. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. सावकाश वाचा.

आई, मी पाणी शुद्ध करत नाही. बाबा नोकरीत असताना करायचे ते नळाचं, विहिरीचं, प्यायच्या पाण्याचं काम. आम्ही त्याच्या आधीचं बघतो: नदी, तळं आणि जमिनीखालचं पाणी मुळात कसं आहे. प्रत्येक देशानं ते स्वतः मोजावं आणि जगापुढे मांडावं, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं १९७८ च्या सुमारास एक योजना सुरू केली. आपल्या केंद्रीय प्रदूषण मंडळानंही नद्यांचं नियमित मोजमाप त्याच योजनेखाली सुरू केलं. म्हणजे आपण यात अगदी पहिल्यापासून आहोत. या योजनेचं प्रशिक्षण आता इथल्या विद्यापीठातून चालतं आणि वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांमधले लोक आमच्याकडे शिकतात, बरेचसे ऑनलाइन. देशोदेशीचे आकडे साठवले जातात ते जर्मनीत, कोब्लेंझला. ते गाव मला फार आवडलं. सांगलीजवळ आपल्या हरिपूरला कृष्णा-वारणा भेटतात तशा तिथे ऱ्हाईन आणि मोझेल भेटतात.

सगळ्या देशांनी नदीत निदान पाच गोष्टी मोजायच्या असं ठरलं आहे: विरघळलेला ऑक्सिजन, क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता, नायट्रोजन, फॉस्फरस आणि सामू, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते. भूजलाला तीनच: वाहकता, नायट्रेट, सामू. हेच पाच का? सांडपाणी, खतं, कारखान्याचं पाणी नदीत आलं की बहुतेक वेळा त्याची चाहूल यांपैकी कशात तरी लागते. शिवाय साध्या प्रयोगशाळेलाही ते जमतं. घेतलेल्या मोजमापांपैकी निदान ८० टक्के ठरलेल्या मर्यादेत बसली तर ते पाणी 'चांगलं'. मर्यादा मात्र देशानं स्वतः ठरवायची. कुणी ती सैल ठेवली तर त्याची नदी कागदावर चांगली दिसते, हा यातला कच्चा दुवा आहे आणि तो मला खुपतो. पण बोत्स्वानातली नदी आणि फिनलंडमधली नदी एकाच मापानं कशी जोखणार? त्यामुळे तूर्त दुसरा रस्ता दिसत नाही.

ऑक्सिजनबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमचे मासे त्याच्यापायी मरतात. २५ अंशांना स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी तापलं की आणखी कमी. एप्रिल-मेमध्ये धार आटलेली, पाणी कोमट, त्यात गावांचं सांडपाणी नाहीतर मळीमिश्रित पाणी आलं की ते कुजवणारे जीवाणू उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात. ४ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की माशांचे हाल सुरू होतात. आणि सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. दिवसा शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं. म्हणून दुपारी दोन वाजता घेतलेला नमुना नदीची बाजू घेऊन खोटं बोलू शकतो. कधी मोजलं हे किती निघालं याच्याइतकंच महत्त्वाचं असतं, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा सांगते.

आणि हे मोजायला मोठी यंत्रं लागतात असंही नाही. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञानं १८८८ मध्ये सांगितलेली रीत आजही चालते. काचेचं बूच असलेली बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. नदीकाठावरच मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन भरपूर असेल तर तपकिरी गाळ बसतो, नसेल तर गाळ पांढराच राहतो. मग आम्ल घातलं की गाळ विरघळून पाणी पिवळं होतं. त्यात थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, पिवळा रंग अगदी फिका झाला की थोडं स्टार्चचं पाणी घालायचं, सगळं गर्द निळं होतं. आणि पुढच्या एखाद्या थेंबाला तो निळा रंग एकदम नाहीसा होतो. तिथे थांबायचं. किती थेंब गेले त्यावरून ऑक्सिजन कळतो. बाबा, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या तुमच्या ओटी टेस्टची बाटली पिवळी झाली की मी टाळ्या वाजवायचे, आठवतं? अजूनही तो रंग गेला की मला तसाच आनंद होतो.

गेल्या वर्षी आफ्रिकेतल्या एका देशाच्या प्रयोगशाळेत गेले होते. कुणीतरी मदत म्हणून दिलेलं महागडं यंत्र कापडाखाली झाकून ठेवलेलं, कारण त्याचा दिवा गेला होता आणि नवा परदेशातून मागवायला परकीय चलन मिळत नव्हतं. पण तिथल्या एक ताई विंकलरच्या बाटल्यांवर काम चालू ठेवून होत्या. त्यांनी मला रजिस्टर दाखवलं. हातानं आखलेले रकाने, आणि मध्येच ओळीच्या ओळी आकड्याविना. तारीख घातलेली आणि पुढे कारण: गाडीला डिझेल नाही. रसायन संपलं. पूर. एकाही ठिकाणी त्यांनी अंदाजपंचे आकडा टाकला नव्हता. मी कितीतरी देखणे अहवाल पाहिले आहेत, पण त्या रजिस्टरइतका विश्वास मला क्वचितच कशावर वाटला. अशा माणसांना पगार, डिझेल आणि रसायनं वेळेवर मिळावीत, एवढ्यासाठीच खरं तर भांडायला हवं. यंत्रं भेट देणं सोपं असतं. दहा वर्षं त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं मोजत राहणं महाग पडतं आणि त्याचा फोटोही येत नाही.

देशांकडून हे आकडे मागवायच्या २०२३ च्या फेरीत १२० देशांनी मिळून सुमारे ९१,००० नद्या, तळी आणि भूजलसाठ्यांची माहिती दिली. त्यातले ५६ टक्के चांगले निघाले. पण जगातल्या गरीब अर्ध्या भागातून आलेली मोजमापं ३ टक्केसुद्धा नव्हती. जिथे लोक थेट नदीचं पाणी पितात, तिथल्याच नद्या जगाच्या हिशेबात जवळपास नाहीत. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून सिएरा लिओनचं ऐकलं तेव्हा फार बरं वाटलं. तिथे रोकेल नदीच्या खोऱ्यात काठच्या लोकांनाच नमुने घ्यायला शिकवलं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, रंग बदलला की छापील पट्टीशी ताडून नायट्रेट आणि फॉस्फेट किती ते लिहायचं. प्रयोगशाळेइतकं ते काटेकोर नाही, पण अशी मोजमापं सिएरा लिओन आणि झांबियाच्या सरकारांनी आपल्या अधिकृत अहवालात धरली. नदीकाठच्या माणसाचं निरीक्षण देशाच्या आकड्यात गेलं!

आता तुमचा प्रश्न, मोजून काय होतं. आयर्लंडचंच सांगते. इथे जिकडे बघावं तिकडे हिरवंगार, कुरणं, गाई, ओढे नितळ. डोळ्यांना काहीही बिघडलेलं दिसत नाही. पण इथले लोक १९७० च्या दशकापासून नदीतले दगड हलवून, खालच्या अळ्या जाळीत धरून मोजतात. काही जातींच्या अळ्यांना घाण जराही सोसत नाही. त्या दिसेनाशा झाल्या की नदी आजारी पडू लागली असं समजायचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अगदी निर्मळ म्हणता येतील अशी ५०० हून जास्त ठिकाणं नोंदवलेली होती. २०१९ मध्ये सरकारी पर्यावरण संस्थेनं जाहीर केलं की त्यातली २० उरली. जुनी नोंद नसती तर आजचे ओढे बघून सगळे म्हणाले असते, आमचं पाणी पहिल्यापासून असंच आहे. आता शेतीतल्या खतांवर आणि शेणखताच्या पाण्यावर इथे भांडणं होतात, आणि ती नोंद समोर ठेवून होतात. नद्या अजून सुधारल्या नाहीत, हे खरं. पण नाकारायची सोय कुणाला उरली नाही.

आणि बाबा, हे तुम्हाला मी काय सांगावं? गावाला पाणी धोक्याचं असल्याचं लाल कार्ड मिळालं की सरपंच दुसऱ्या दिवशी पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणायला धावायचे, हे तुम्हीच हसत सांगायचात. तुमची बाटली विहीर शुद्ध करत नव्हती, पण तिच्यामुळे कुणाला तरी उत्तर द्यावं लागायचं. नदीचं तसंच आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५५ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. लाजिरवाणंच आहे, पण हा आकडा आपल्याकडे मोजतात म्हणून तरी हाती आहे. तो हातात घेऊन विचारणारे कमी पडतात, असं मला वाटतं.

तेव्हा एक काम सांगते. संध्याकाळी आयर्विन पुलावर फिरायला जाता, तेव्हा एक वही ठेवा. पाण्याचा रंग, वास, फेस, पातळी, मेलेले मासे दिसले तर कुठे आणि साधारण किती. तारीख आणि वेळ घातल्याशिवाय काही लिहायचं नाही, तुम्हाला हे सांगायला नकोच. काही वेगळं दिसलं तर फोटो काढून त्याच दिवशी प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. मासे कुजून वाहून गेल्यावर नमुना घेण्यात अर्थ नसतो. काही दिसलं नाही तर 'काही नाही' असंही लिहा, ते फार कामाचं असतं.

आई, तू त्यांच्याबरोबर पुलापर्यंत जा, घाटाच्या पायऱ्या मात्र उतरू नकोस, गुडघा आत्ता कुठे बरा होतोय. बीपीची गोळी रात्रीची सकाळी घेऊ नकोस. मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा मंजूर झाली आहे. विंकलरच्या बाटल्या तिथेच मिळतील, बाबा, कॉलेज रोडच्या दुकानात विचारून ठेवा. पहाटे पाचला उठायची तयारी ठेवा.

तुमची,
मनू